नव्या जवानासाठी: गाडी, हवा, पाणी आणि माणसं

प्रशिक्षण संपवून अग्निशमन केंद्रावर हजर झालेल्या प्रत्येक नव्या मुलाला आणि मुलीला मी पहिल्याच दिवशी गाडीजवळ उभं करतो आणि सांगतो, आग इथून सुरू होते. त्यांना वाटतं, साहेब काहीतरी मोठं बोलतायत. पण मी अगदी शब्दशः सांगत असतो. वर्दीवर, म्हणजे आगीच्या बोलावण्यावर गेल्यावर तुम्ही काय करू शकाल हे त्या दिवशी पाळी बदलताना तुम्ही काय पाहिलंत, काय उघडलंत आणि कुणाशी काय बोललात यावर ठरतं. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत ज्या ज्या वेळी माझं काही बिघडलं, त्याचं मूळ शोधत गेलो की ते सकाळच्या एखाद्या न उघडलेल्या कप्प्यातच सापडलं.

म्हणून पहिल्या सहा महिन्यांत काय करायचं, ते मी ज्या क्रमाने शिकवतो त्याच क्रमाने इथे लिहितो.

पहिला आठवडा: गाडी पाठ करा

बंबाचा प्रत्येक कप्पा उघडा. आत काय आहे ते बघा, बाहेर काढा, हातात धरा आणि पुन्हा जागेवर ठेवा. वहीत नकाशा काढलात तर उत्तम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जोडीदाराला वस्तूंची नावं घ्यायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून त्या वस्तूवर हात ठेवा. हे जमलं की जाड हातमोजे घालून तेच करा. रात्रीच्या अंधारात, पावसात, लोक ओरडत असताना ब्रांच (पाणी मारायची तोटी) कुठल्या कप्प्यात आहे याचा विचार करायला वेळ नसतो. हाताला ते माहीत असावं लागतं.

मग तपासणी. पाण्याची टाकी काठोकाठ आहे का, डिझेल किती आहे, पंप सुरू होऊन दाब धरतो का, वॉकीटॉकीची बॅटरी भरलेली आहे का, सक्शनची, म्हणजे पाणी ओढून घेणाऱ्या नळीची जाळी जागेवर आहे का, कटर आणि करवत एका झटक्यात सुरू होतात का. यंत्र थंड असताना सुरू करून बघा. काल चाललं होतं म्हणून आजही चालेल असं कधीही धरू नका.

इथे माझी एक चूक सांगायलाच हवी. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका सकाळी मी होजचा (पाण्याच्या नळ्यांचा) कप्पा न उघडताच रजिस्टरवर 'सर्व ठीक' लिहून सही केली. त्याच रात्री गोदामाला आग लागली. होज जोडले, पाणी सोडलं, आणि एका जोडावर चहूबाजूंनी फवारे उडायला लागले. कपलिंगमधला रबरी वॉशर गायब होता. बोटभर जाडीची ती कडी नव्हती म्हणून आतल्या दोघांच्या ब्रांचचा दाब निम्म्यावर आला. ते दोघे भिंतीला पाठ लावून बाहेर आले, सुखरूप आले. त्यांच्यापैकी एकाने नंतर फक्त एवढंच विचारलं, "सकाळी बघितलं होतंस ना?" मी खरं काय ते सांगितलं. त्या दिवसापासून प्रत्येक फीमेल कपलिंगमध्ये (जोडाच्या ज्या भागात दुसरं टोक बसतं त्यात) बोट फिरवून वॉशर चाचपल्याशिवाय मी सही केलेली नाही. तुम्हीही बोट फिरवा. डोळ्यांनी बघून कळत नाही, आतली खाच आणि वॉशर दोन्ही काळेच दिसतात.

दुसरा-तिसरा आठवडा: श्वास मोजायला शिका

बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून मास्कमध्ये हवा देणारा श्वसनसंच, हे सगळ्यांत महत्त्वाचं साधन, आणि त्याचबद्दल नव्या जवानांच्या डोक्यात सर्वाधिक गैरसमज असतात. सिलिंडरबरोबर अमुक मिनिटांचा आकडा सांगितलेला असतो. तो आकडा तुमचा नव्हे, गणिताचा असतो. हिशेब असा: ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाब असेल तर साधारण २०४० लिटर हवा भरली. मिनिटाला ४० लिटर धरले तर ती ५१ मिनिटं पुरते. पण शिडी चढून, भरलेला होज ओढून, धुरात चाचपडत जाणारा माणूस मिनिटाला ६० लिटर सहज ओढतो, घाबरला तर ८०. मग ५१ मिनिटांची झाली २५.

बहुतेक संचांची हवा संपत आल्याची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते. तेव्हा उरलेली हवा ३७० लिटरच्या घरात. जोरात श्वास चालू असेल तर पाच-सहा मिनिटांची. जो शिट्टी ऐकून परतायला निघतो तो उशिरा निघतो. शिट्टी वाजेल तेव्हा तुम्ही दाराबाहेर असायला हवं.

त्यासाठी सोपी सवय लावा. आत शिरताना दाब बघा, कामाच्या जागी पोहोचल्यावर पुन्हा बघा. २९० वर शिरलात आणि पोहोचेपर्यंत २३० झालं, तर जायला ६० लागले. परतीलाही किमान ६०, वर राखीव ६०. म्हणजे १२० वर पाय मागे वळायलाच हवेत. मी स्वतः १५० लाच वळतो, कारण परतताना कुणीतरी ओढून आणायची वेळ आलेली मी पाहिली आहे. आणि जोडीतल्या ज्याची हवा कमी, त्याच्या काट्यावर दोघांनी बाहेर पडायचं. तुमच्याकडे १८० उरले आहेत म्हणून तो एकटा परतणार नाही.

मास्क रोज तोंडावर लावून बघा. हवा बंद करून श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर ठीक. दोन दिवसांची दाढीसुद्धा ही पकड सोडवते. त्यामुळे दाढी हा इथे आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. आत जाताना आपल्या नावाचा बिल्ला दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे द्या, दाब सांगा, वेळ लिहून घेतली का ते बघा. तो बिल्ला त्याच्या हातात नसेल तर बाहेरच्यांच्या दृष्टीने तुम्ही आत गेलेलेच नसता. हालचाल थांबली की सुमारे ३० सेकंदांत किंचाळणारा जो भोंगा संचावर असतो, तो चालू आहे का हेही तेव्हाच बघायचं.

पहिला महिना: होज, ब्रांच आणि दार

६३ मिलिमीटर व्यासाच्या ३० मीटर होजमध्ये ९० लिटरहून जास्त पाणी मावतं. म्हणजे रिकामा होज खांद्यावर टाकून पळणारा तुम्ही, पाणी आल्यावर एका मोठ्या माणसाच्या वजनाहून जास्त ओढत असता. म्हणून पाणी मागवण्याआधी होज दाराबाहेर वळणं मोकळी करून पसरा. एखादी घडी राहिली तर ती तुमच्या पाण्याची मान आवळते.

ब्रांच धरण्याची ताकद हा दुसरा धडा. मिनिटाला ४७५ लिटर पाणी ७ बार दाबाने सोडणारा नोझल धरणाऱ्याला सुमारे २८ किलोच्या जोराने मागे रेटतो. एकट्याने मर्दुमकी दाखवायची ही जागा नव्हे. मागचा माणूस आपल्या खांद्याने तो रेटा घेतो, आणि चांगला मागचा माणूस मिळणं हे नशीब आहे. आधी तुम्ही तसा माणूस व्हा. ब्रांच उघडताना आणि बंद करताना सावकाश. झटक्यात बंद केली की पाण्याचा हातोडा पंपापर्यंत बसतो आणि होज फाटतो.

पंपावर उभ्या असलेल्याने दोन गोष्टी पाठ कराव्यात. प्रत्येक १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब खर्च होतो. आणि प्रवाह दुप्पट केला की होजमधली दाबाची घट चौपट होते. विहिरीवरून पाणी उचलताना मात्र पंप कितीही दमदार असो, हवेच्या दाबाची मर्यादा आहे: कागदावर १० मीटरच्या थोडं पुढे, प्रत्यक्षात सातेक मीटर. त्यापलीकडे खोल पाणी असेल तर पंपाशी झगडण्यात वेळ घालवू नका, दुसरी सोय करा.

आता दार. नवा जवान दार दिसलं की ते उघडतो. बंद खोलीतली आग अनेकदा हवेसाठी तडफडत असते, आणि तुम्ही तिला ती देता. दाराला हाताच्या मागच्या बाजूने तपासा, फटीतून येणारा धूर बघा. तो ढकलल्यासारखा बाहेर येतोय की आत ओढला जातोय? आतला धूर दाट, काळा, घुसळणारा असेल आणि छताकडून भराभर खाली उतरत असेल, त्यात ज्योतीच्या जिभा फिरताना दिसत असतील, तर खोली एकदम पेटायच्या बेतात आहे. छताजवळचे वायू ५००-६०० अंशांच्या घरात गेले की खोलीतली प्रत्येक वस्तू एकदम पेट घेते. अंगावरचा सूट तिथे तुम्हाला काही सेकंद देतो, मिनिटं नाही. पाणी ब्रांचला आल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि उघडलं तरी एका माणसाने ते हातात धरून ठेवायचं.

आणि वाफ. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १७०० पट जागा व्यापतं. लहान खोलीत अंदाधुंद पाणी मारलंत तर ती वाफ परत तुमच्यावरच येते, आणि आत कुणी अडकलं असेल तर त्याच्यावरही. थोडं, नेमकं, वरच्या वायूंवर मारा आणि बघा काय होतंय.

हातातली अवजारं

कुऱ्हाड आणि हॅलिगन ही जोडी एकमेकांशिवाय अपुरी. एका टोकाला दोन दातांचा फाटा, दुसऱ्या टोकाला आडवं पातं आणि अणकुचीदार टोक असलेली ही पहार न्यूयॉर्क अग्निशमन दलातले अधिकारी ह्यू हॅलिगन यांनी १९४० च्या दशकात घडवली, आणि आजही दार उघडायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. फाटा दार आणि चौकटीच्या फटीत बसवायचा, जोडीदाराने कुऱ्हाडीच्या सपाट पाठीने ठोकायचा, मग तरफेसारखा जोर लावायचा. ठोकणाऱ्याने धरणाऱ्याचं "मार" ऐकल्याशिवाय मारायचं नाही. टाकाऊ दारावर हा सराव पन्नास वेळा करा. आधी दार कुलूप नसलेलं तर नाही ना, हेही बघा. हँडल फिरवून उघडणारी दारं फोडलेली मी पाहिली आहेत.

शिडी लावताना पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर, म्हणजे साधारण ७५ अंश. वर तारा बघून मगच उभी करा.

थर्मल कॅमेरा फार मदत करतो, पण काचेपलीकडचं त्याला दिसत नाही, आणि गुळगुळीत धातूत तुमचंच प्रतिबिंब दाखवतो. भिंतीवरचा हात सोडून कॅमेऱ्यामागे चालू नका. बॅटरी संपली की तुम्ही अंधारात अनोळखी घरात उभे असता.

तुमचा प्रमुख, आणि उद्या तुम्ही

५ ऑगस्ट १९४९ ची गोष्ट. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या घळीत वणवा विझवायला विमानातून उड्या टाकलेली एक तुकडी उतरली. वारा फिरला, वणवा खालून गवत पेटवत त्यांच्या मागे लागला. तुकडीचे प्रमुख वॅग डॉज यांनी ओरडून अवजारं टाकायला सांगितलं. मग त्यांनी काडी ओढून समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळून गेलेल्या राखेत सगळ्यांना झोपायला बोलावलं. मोठा वणवा आला की तिथे जळायला काही उरलं नसतं. कल्पना बरोबर होती, डॉज त्याच राखेत वाचले. पण कुणीही थांबलं नाही. आग लावणाऱ्या माणसाकडे बघून ते पुढे धावले. १३ जण गेले, डॉजखेरीज दोघेच कड्यापर्यंत पोहोचून वाचले.

ही युक्ती त्यांना कुणी शिकवलेली नव्हती, आणि डॉज यांनी त्या मोसमात या पोरांबरोबर फारसा सराव केलेला नव्हता. त्यांच्यासाठी तो अनोळखी माणसाचा अनाकलनीय हुकूम होता. त्यानंतर, १९५७ मध्ये तिथल्या वनसेवेने १० स्थायी आदेश तयार केले, त्यातला एक असा: स्पष्ट सूचना द्या आणि त्या समजल्या आहेत याची खात्री करून घ्या. मला या आदेशाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

चांगला प्रमुख मी कसा ओळखतो? तो सकाळी सगळ्यांबरोबर गाडीजवळ असतो. ड्रिल घेताना स्वतः मास्क लावतो. हुकूम देताना एका वाक्यात 'का' सांगतो, आणि समोरच्याकडून तो परत म्हणवून घेतो. आगीवर गेल्यावर तो ब्रांच हातात घेत नाही, दोन पावलं मागे उभा राहतो, इमारतीच्या चारही बाजू बघतो. ब्रांच धरलेल्या प्रमुखाला ज्वाळा दिसतात, छत वाकलेलं दिसत नाही. चूक झाली तर तो चारचौघांत ओरडत नाही. जीव धोक्यात असेल तिथे अपवाद, तिथे ओरडायलाच हवं. आणि स्वतःची चूक असेल तर ती सगळ्यांसमोर पहिल्यांदा तोच सांगतो. हे शेवटचं ज्या केंद्रावर घडतं तिथे नवा जवानही "साहेब, माझा वॉशर बघायचा राहिला" असं सांगू शकतो. जिथे घडत नाही, तिथे रजिस्टरमध्ये सगळं ठीक असतं आणि गाडीत काहीच ठीक नसतं.

तुम्ही कनिष्ठ आहात म्हणून गप्प बसू नका. धोका दिसला तर तीन गोष्टी, याच क्रमाने बोला: काय दिसतंय, काय होईल असं वाटतं, काय करावं. "साहेब, मागच्या भिंतीला भेग वाढतेय, भिंत बाहेर पडेल असं वाटतं, त्या दोघांना मागे घेऊया." यात कुठेही उद्धटपणा नाही. तरीही ऐकलं नाही तर पुन्हा एकदा, जास्त मोठ्याने सांगा. नंतर केंद्रावर परतल्यावर शांतपणे विषय काढा.

वाईट प्रमुखही भेटेल. त्याच्याशी भांडून तुम्ही त्याला बदलणार नाही, पण तारीख-वेळेसह नोंद ठेवून, लेखी आणि योग्य वाटेने तक्रार करून पुष्कळ काही होतं. पाठीमागे कुजबुज करून काहीच होत नाही, उलट तुकडीत दोन गट पडतात आणि आगीत ते गट एकमेकांकडे बघतात.

केंद्रावरचे रोजचे प्रश्न

काजळीने माखलेला सूट म्हणजे शौर्याची खूण, असं मानण्याचे दिवस गेले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाच्या कामात घातक घटकांशी येणारा संपर्क पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत टाकला. म्हणून आगीच्या जागीच सूटवर पाणी मारून ब्रशने घासा, मान आणि हात पुसा, सूट पिशवीत बांधून आणा. तो स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत, तुमच्या स्वतःच्या गाडीत न्यायचा नाही. घरी लहान मूल असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा. ढिगारा उपसतानाही बीए काढण्याची घाई करू नका. ज्वाला गेली तरी विषारी वायू तिथेच असतात.

अमेरिकेतल्या नोंदी बघितल्या तर ड्युटीवर जवान दगावण्याचं सर्वांत मोठं कारण भाजणं नसून हृदयविकार आहे. झोपेतून भोंग्याने उठून दोन मिनिटांत पूर्ण जोर लावणारं शरीर रोजच्या व्यायामाने तयार ठेवावं लागतं. छातीत दुखलं तर तिथेच सांगा.

साधनं तुटलेली, कमी, जुनी असतील. असतातच. तोंडी कुरकुर करू नका. लेखी मागणी, तारीख, आवक क्रमांक, आणि महिन्याने स्मरणपत्र. तोवर नादुरुस्त वस्तूला लाल चिंधी बांधून गाडीतून बाहेर ठेवा. नसलेलं साधन परवडतं. आहे असं वाटणारं पण न चालणारं साधन जीव घेतं.

नव्यांना छळणं ही परंपरा असल्याचं तुम्हाला कुणी सांगेल. गाडी धुणं, होज वाळवणं, शेवटी चहा घेणं हे नव्याने करावं, त्यातून तो साधनं शिकतो. अपमान, मारहाण, रात्री झोपू न देणं, अंगचटीला येणं, हे सहन करू नका आणि दुसऱ्यावर होताना बघत बसू नका.

गाडीत बसल्याबरोबर पट्टा. वाटेत बूट चढवायचे म्हणून पट्टा सोडायचा नाही. पोहोचलाच नाहीत तर कुणालाच वाचवणार नाही. खोटी वर्दी दहाव्यांदा आली तरी अकरावीला तेवढ्याच तयारीने निघा. घटनास्थळाचे, जखमींचे फोटो काढायचे नाहीत. तो कुणाचा तरी बाप असतो.

आणि काही वर्द्या डोक्यातून जात नाहीत. विशेषतः लहान मुलांच्या. झोप उडणं, तोच वास पुन्हा येणं, घरच्यांवर विनाकारण चिडणं, हे आठवडाभरापुरतं होऊ शकतं. दोन-चार आठवड्यांनंतरही राहिलं तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. मी गेलो होतो. मला सांगायला उशीर झाला, तुम्ही उशीर करू नका.

वर्दीहून परतल्यावर

दमलेले असाल, भूक लागली असेल, तरी या क्रमाने. आधी सिलिंडर बदला. टाकी भरा. ओले होज पसरून वाळत घाला, कोरडे चढवा, आणि घड्या मागच्या वेळच्याच जागी पाडू नका, नाहीतर तिथेच विरतात. मास्क धुवा. वॉकीटॉकी चार्जिंगला लावा. हात-तोंड साबणाने धुवा. मग सगळे बसा, दहा मिनिटं, आणि प्रमुखापासून सुरुवात करून प्रत्येकाने एक गोष्ट सांगा जी पुढच्या वेळी वेगळी करायची. त्यानंतर गाडीजवळ परत जा, कपलिंगमध्ये बोट फिरवा, आणि मगच सही करा.